मसरूरची शैलमंदिरे

हिमाचल प्रदेशाच्या कांगडा जिल्ह्यात, बियास नदीच्या खोऱ्यातील एका टेकडीच्या माथ्यावर, अखंड वालुकाश्मातून कोरून काढलेला हिंदू मंदिरांचा समूह. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. ७६० मी. आहे. स्थानिक लोक त्याला ‘ठाकुरद्वारा’ म्हणतात. शैलीवरून त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचे ८ वे शतक मानला जातो.

डोंगराच्या पोटात खोदलेली लेणी आणि मसरूरचे काम यांत मूलभूत फरक आहे. येथे कातळाच्या कण्यालाच बाहेरून मंदिराचा आकार दिलेला असून, आत गर्भगृहाची पोकळी कोरलेली आहे. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी वाचकाला ‘आधी कळस, मग पाया’ ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही; मात्र कैलास आणि महाबलीपुरम येथील रथ द्राविड धाटणीचे आहेत, तर मसरूरची शिखरे उत्तरेकडील नागर पद्धतीची, वर निमुळती होत जाणारी वक्ररेषेची आहेत. नागर शैलीतील एकाश्म मंदिरे देशात फारच थोडी असून मध्य प्रदेशातील धमनार येथील मंदिर हे त्यांतील दुसरे ठळक उदाहरण होय. मसरूरचे महत्त्व मुख्यतः या दुर्मीळपणात आहे.

समूहाचे तोंड ईशान्येस, धौलाधारच्या हिमशिखरांकडे आहे. मधोमध मुख्य मंदिर आणि त्याच्याभोवती प्रमाणबद्ध रीतीने रचलेली लहान देवळे, अशी योजना दिसते. समोर आयताकृती तळे असून वारा पडलेला असताना त्यात सगळी शिखरे उलटी उमटतात. मुख्य गर्भगृहात आज राम, लक्ष्मण व सीता यांच्या मूर्ती पूजेत आहेत; पण दाराच्या ललाटपट्टीवर मध्यभागी शिव कोरलेला असल्याने हे मूळचे शिवमंदिर असावे, असे अभ्यासकांचे मत आहे.

येथील कातळ सर्वत्र सारखा नाही. जेथे तो कठीण आहे तेथे छिन्नी चालवणे अवघड गेले असणार, पण तेथीलच नक्षी आजही धारदार आहे. मऊ भागांतील मूर्तींचे चेहरे पाऊसवाऱ्याने झिजून, हात लावला तर वाळू हाताला लागावी, अशा अवस्थेला आले आहेत. काही भागांचे कोरीवकाम अर्धवटच राहिले असून, बांधलेल्या मंदिरात सहसा न दिसणारा कामाचा क्रम अशा जागी डोळ्यांनी वाचता येतो. छताकडे नेणारे जिनेही कातळातच खोदलेले आहेत.

ब्रिटिश अधिकारी हेन्री शटलवर्थ यांनी १९१३ मध्ये या स्थळाकडे लक्ष वेधले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे हॅरल्ड हारग्रीव्ह्ज यांनी १९१५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ही नोंद होण्याच्या काही वर्षे आधीच, ४ एप्रिल १९०५ रोजी झालेल्या कांगडा भूकंपात समूहाची मोठी पडझड झाली होती, ही फार हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. कातळाचा गाभा टिकला. मुख्य मंदिरापुढचा मंडप मात्र नाहीसा झाला असून आज त्याच्या जागी खांबांचे बुंधे तेवढे दिसतात. येथील काही शिल्पे सिमल्याच्या राज्य संग्रहालयात आहेत.