मीडियम फॉरमॅट फिल्म छायाचित्रण : डिजिटल काळातील स्थिती आणि भवितव्य

१२० क्रमांकाच्या रोलवर, ३५ मिमीपेक्षा मोठी आणि शीट फिल्मपेक्षा लहान निगेटिव्ह घेण्याच्या पद्धतीला मीडियम फॉरमॅट म्हणतात. फ्रेमची एक बाजू नेहमी सुमारे ५६ मिमी असते, दुसरी कॅमेऱ्याप्रमाणे बदलते. एका रोलवर ६×४.५ (मापे सेंटिमीटरमध्ये) च्या १५ किंवा १६, ६×६ च्या १२, ६×७ च्या १० आणि ६×९ च्या ८ फ्रेम बसतात. ३५ मिमीच्या फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी आहे. ६×६ चे ते ३,१०० च्या वर आणि ६×७ चे ३,९०० च्या आसपास जाते. तेवढ्याच मोठ्या प्रिंटसाठी निगेटिव्ह कमी पटींनी वाढवावी लागते. त्यामुळे ग्रेन, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, कमी दिसते, छटांमधील बदल सलग उतरतात आणि लेन्सच्या बारीक उणिवा झाकल्या जातात.

लग्न, जाहिरात आणि मासिकांच्या व्यवसायातून डिजिटलने २००० च्या दशकात ही पद्धत जवळजवळ बाहेर काढली. तरीही रोल तयार होत आहेत आणि नवे छायाचित्रकार त्याकडे वळत आहेत. भवितव्याची चर्चा बहुधा फिल्म श्रेष्ठ की सेन्सर श्रेष्ठ, इथेच अडकते. वेग, कमी प्रकाशातील क्षमता आणि निव्वळ बारकावा यांत सेन्सर पुढे गेला, त्याला बरीच वर्षे झाली. फिल्म पुढे चालेल का, हे रोलमागचा कागद, जुन्या शटरची दुरुस्ती आणि स्कॅनर या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. तिन्हींकडे इमल्शनपेक्षा, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरापेक्षा, फार कमी लक्ष जाते.

रोल आणि त्याचा कागद

कोडॅकने १२० रोल १९०१ मध्ये आणला आणि त्याची मूळ रचना आजही तीच आहे. साधारण ६१ मिमी रुंद आणि ८० ते ८५ सेंमी लांब फिल्म जवळपास दीड मीटर लांबीच्या अपारदर्शक कागदासोबत स्पूलवर गुंडाळलेली असते. फिल्म कागदाला फक्त सुरुवातीच्या टोकाला चिकटवतात, दुसरे टोक मोकळे राहते. गुंडाळताना कागद आणि फिल्म यांना वेगवेगळ्या लांबीची वाट कापावी लागते. दोन्ही टोके चिकटवली, तर मधे फुगा येतो.

हा बॅकिंग पेपर साधा कागद नव्हे. त्याने प्रकाश पूर्ण अडवायला हवा, वर्षानुवर्षे इमल्शनला लागून राहूनही त्यावर परिणाम करता कामा नये आणि त्यावरच्या छापील आकड्यांची शाईही निष्क्रिय हवी. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या काही बॅचमध्ये कागदावरचे आकडे आणि अक्षरे चित्रात, विशेषतः आकाशासारख्या सपाट भागात, उमटली होती. उष्णता आणि दमटपणात हा दोष बळावतो. असा कागद बनवणारे जगात फार थोडे आहेत. इमल्शनचा थर चढवण्याची सोय असलेल्या लहान उत्पादकालाही १२० मध्ये उतरताना पहिली अडचण कागदाची आणि रोल गुंडाळणाऱ्या यंत्राची येते. म्हणूनच अनेक नव्या फिल्म आधी ३५ मिमीमध्ये येतात. हार्मनची फिनिक्स २०० ही रंगीत फिल्म २०२३ च्या अखेरीस ३५ मिमीमध्ये आली, १२० मध्ये ती २०२४ मध्ये मिळू लागली.

कॅमेरे शाबूत असताना रोल नाहीसा झाला तर काय होते, याची दोन उदाहरणे समोर आहेत. ६२० रोलमध्ये १२० चीच फिल्म बारीक स्पूलवर गुंडाळलेली असे. तो बंद झाल्यावर ते कॅमेरे वापरायचे तर अंधारात १२० ची फिल्म जुन्या ६२० स्पूलवर पुन्हा गुंडाळावी लागते. १९६५ च्या २२० रोलमध्ये कागद फक्त दोन टोकांना असल्याने दुप्पट फिल्म मावत असे. कोडॅकनंतर फुजीफिल्मनेही तो २०१८ मध्ये बंद केला. पुढे शांघाय जीपी३ च्या रूपाने तो थोड्या प्रमाणात परतला. १२० मात्र शतकभर सलग चालू राहिला आहे. जुन्या-नव्या बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांना तो चालतो, हीच त्याची मोठी ताकद आहे.

आज कृष्णधवलची बाजू भक्कम आहे. इलफर्डची एचपी५ प्लस, एफपी४ प्लस आणि डेल्टा मालिका, झेक प्रजासत्ताकातील फोमाच्या फोमापान, कोडॅकच्या ट्राय-एक्स आणि टी-मॅक्स, फुजीची अॅक्रॉस २ असे पर्याय आहेत. रंगीत फिल्मची स्थिती नाजूक आहे. रंगीत निगेटिव्हमध्ये एकावर एक डझनभर किंवा अधिक थर असतात, ते चढवण्याची क्षमता थोड्याच कारखान्यांत आहे. फुजीने प्रो ४००एच २०२१ मध्ये थांबवली. कोडॅकने एक्टाक्रोम ई१०० २०१८ मध्ये ३५ मिमीमध्ये परत आणली आणि पुढच्या वर्षी १२० मध्ये, तर गोल्ड २०० चा १२० रोल २०२२ मध्ये आला. कोडॅकचा अमेरिकेतील रोचेस्टरचा कारखाना चालू ठेवण्यात चित्रपटांसाठी लागणाऱ्या फिल्मचा मोठा वाटा आहे. त्यामुळे सिनेमावाल्यांनी फिल्मवर चित्रण करत राहणे ही १२० वापरणाऱ्यांच्याही हिताची गोष्ट आहे.

रोल भरणे

रोल नेहमी सावलीत भरावा. कागदाची जीभ रिकाम्या स्पूलच्या खाचेत सरळ घालून, अंगठ्याने ताण ठेवत, कागदावरचा आडवा बाण कॅमेऱ्यातील खुणेशी जुळेपर्यंत फिरवावी आणि मगच झाकण लावावे. ताण सुटला की रोल सैल आणि जाड गुंडाळला जातो, कडांमधून प्रकाश शिरतो आणि निगेटिव्हच्या कडेला काळे पट्टे येतात. शेवटच्या फ्रेमनंतर सगळा कागद गुंडाळला गेल्याची खात्री करावी, जीभ आत दुमडावी आणि पट्टी घट्ट चिकटवावी. मागे लाल खिडकी असलेल्या कॅमेऱ्यात ती फक्त रोल पुढे सरकवताना उघडावी. लाल काच जुन्या, लाल रंग न ओळखणाऱ्या फिल्मसाठी होती. आजची फिल्म लाल प्रकाशाने झाकोळते.

ज्या मॅगझिनमध्ये (रोल ठेवायच्या, कॅमेऱ्याच्या मागच्या सुट्या भागात) फिल्म रुळावरून उलट वळते, तिथे अर्धा रोल काही दिवस तसाच राहिला तर वळणाच्या जागी फुगवटा बसतो आणि पुढची फ्रेम एका पट्ट्यात अस्पष्ट येते. लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडून काम असेल, तर फिल्म चित्र घेण्याच्या अगदी आधी पुढे सरकवावी.

यंत्रे आणि त्यांची दुरुस्ती

हॅसलब्लाड ५००सी १९५७ चा, पेंटॅक्स ६×७ १९६९ चा, मामिया आरबी६७ १९७० चा, आरझेड६७ १९८२ चा आणि मामिया ७ १९९५ चा. या दर्जाचे कॅमेरे आता तयार होत नाहीत. हॅसलब्लाडने व्ही मालिकेचा शेवटचा ५०३सीडब्ल्यू २०१३ मध्ये थांबवला. वापरातला प्रत्येक कॅमेरा दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा आहे आणि भाव वाढल्याने सुटे भाग बंद पडलेल्या कॅमेऱ्यांमधूनच काढावे लागतात.

दूरच्या मुदतीचा विचार केला, तर पूर्ण यांत्रिक कॅमेरा घेणे शहाणपणाचे. आरबी६७ किंवा ५००सी/एम कुशल कारागीर उघडू शकतो, साफ करू शकतो, झिजलेला दाता नव्याने घडवू शकतो. कॉन्टॅक्स ६४५ किंवा मामिया ७ चे सर्किट जळले, तर दुसऱ्या कॅमेऱ्याचा बळी देण्यावाचून मार्ग नसतो. ही यंत्रे उत्तम आहेत, पण त्यांचे आयुष्य त्यांच्या बोर्डाइतकेच आहे.

कॅमेरा घेताना लीफ शटरचे (लेन्समध्येच बसवलेल्या पात्यांच्या शटरचे) कमी वेग आधी तपासावेत. वंगण सुकले की १ सेकंदाचा वेग रेंगाळतो किंवा मधेच थांबतो, १/२५० मात्र ठीक वाटतो. मॅगझिनच्या खाचेतील फोम चिकट किंवा भुकटी झाला असेल तर तो बदलावाच लागतो. हे काम घरी करता येते. जुना फोम लाकडी काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढून नवा चिकटवायचा. हॅसलब्लाडमध्ये लेन्स आणि बॉडी दोन्हींची स्प्रिंग ताणलेली (कॉक केलेली) असल्याशिवाय लेन्स बसवू किंवा काढू नये, नाहीतर यंत्रणा अडकते. पेंटॅक्स ६×७ मध्ये प्रकाशमापक (मीटर) असलेला प्रिझम लेन्स लावण्याआधी बसवावा लागतो. क्रम चुकला तर मीटर जोडला जात नाही, आणि आतली बारीक साखळी तुटण्याची तक्रार तर जुनीच आहे.

रोल धुणे

संपूर्ण अंधारात किंवा चेंजिंग बॅगमध्ये कागद उलगडला की आधी फिल्मचे मोकळे टोक हाती येते. तेच रिळावर चढवायचे. शेवटी येणारी चिकटपट्टी हळू सोडवावी, झटक्याने ओढली तर चिकट भागात क्षीण प्रकाश चमकतो. १२० ची फिल्म रुंद आणि लवचिक असल्याने बोटांनी दाबली गेली की मुडपते आणि निगेटिव्हवर अर्धचंद्राकृती डाग राहतो. प्लास्टिकचे रीळ पूर्ण कोरडे नसेल, तर फिल्म हमखास मधेच अडकते. पहिले काही रोल वाया गेलेल्या फिल्मवर, उजेडात आणि मग डोळे मिटून चढवून पाहिल्याशिवाय खऱ्या रोलला हात लावू नये.

पॅटरसनच्या टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या प्रकाशबंद डब्यात) ३५ मिमीला २९० मिली द्रावण पुरते, १२० ला ५०० मिली लागते. कमी पडले तर वरची कड फिकी राहते. एचपी५ प्लस आयएसओ ४०० वर घेतली असेल, तर आयडी-११ डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) १+१ प्रमाणात, म्हणजे एक भाग रसायन आणि एक भाग पाणी, २० अंश सेल्सिअसला १३ मिनिटे, एफपी४ प्लसला ११ मिनिटे. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटा करायचा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा, आणि प्रत्येक वेळी तळ ठोकून बुडबुडे सोडवायचे. मग चित्र पक्के करणारा रॅपिड फिक्सर १+४ प्रमाणात ३ ते ५ मिनिटे. फिल्मचा वाया गेलेला तुकडा पारदर्शक व्हायला जितका वेळ लागतो, त्याच्या किमान दुप्पट वेळ द्यावा. तो वेळ ताज्या द्रावणाच्या दुप्पट झाला, की फिक्सर टाकून द्यावा. शेवटी रसायने धुऊन काढण्यासाठी टँकमध्ये ताजे पाणी घेऊन ५, पुन्हा बदलून १० आणि पुन्हा बदलून २० वेळा उलटवणे पुरेसे आहे. सगळ्या पाण्यांचे तापमान डेव्हलपरच्या जवळ ठेवावे.

रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटे १५ सेकंद चालतो. तिथे अर्ध्या अंशाचा फरकही रंगांत दिसू लागतो. गरम पाण्याच्या टबात बाटल्या आणि टँक ठेवून, तापमान स्थिर राखणारा हीटर वापरला, तर घरी चांगला निकाल मिळतो. प्रयोगशाळा कमी होत असताना ही घरगुती क्षमता वाढणे मोलाचे आहे.

स्कॅनिंग : साखळीतील कमजोर कडी

बहुतेक निगेटिव्ह आज डार्करूममध्ये छापल्या न जाता स्कॅन होतात. निकॉनचा कूलस्कॅन ९००० स्कॅनर बंद झाला, हॅसलब्लाडने फ्लेक्सटाइट स्कॅनर २०१९ मध्ये थांबवले. प्रयोगशाळांतील नोरित्सू आणि फ्रंटियर स्कॅनिंग यंत्रे जुन्या संगणकांवर तग धरून आहेत. सपाट काचेच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ६,४०० डीपीआय (प्रति इंच ठिपके) छापलेले असले, तरी प्रत्यक्ष बारकावा साधारण २,३०० ते २,६०० डीपीआयचा मिळतो. हेही कमी नाही. ६×७ ची निगेटिव्ह २,४०० डीपीआयने स्कॅन केली की सुमारे ३५ मेगापिक्सेलची फाइल होते आणि ४५×५६ सेंमीची प्रिंट ३०० डीपीआयने निघते. निगेटिव्ह किंचित जरी वाकली तरी फोकस जातो, म्हणून होल्डरची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांनी बदलून पाहावी. गुळगुळीत काचेला फिल्मची चकचकीत बाजू टेकली तर न्यूटनची वलये (रंगीत गोल पट्टे) येतात, तिथे खरखरीत काच लागते. धूळ पुसणारी इन्फ्रारेड सोय चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, सी-४१ फिल्मवर चालते.

खरी आशा डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचे चित्र घेण्यात आहे. इथे डिजिटलच फिल्मला तारत आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (३५ मिमी फ्रेमएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याने ६×६ एका फ्रेममध्ये घेतली, तर १,८०० डीपीआयच मिळतात. १:१ मॅक्रोने (सेन्सरवर मूळ आकारातच चित्र पाडणाऱ्या लेन्सने) दोन स्तंभ आणि तीन ओळी अशा सहा तुकड्यांत घेऊन जोडली, तर सुमारे ४,२०० डीपीआय आणि ८७ मेगापिक्सेल हाती येतात. त्यासाठी लांब बाजूला १६ आणि आखूड बाजूला ८ मिमी भाग एकमेकांवर येऊ द्यावा. छिद्र एफ/८ च्या आसपास, प्रकाशपट्टीचा सीआरआय (रंग अचूक दाखवण्याचा निर्देशांक) ९५ किंवा जास्त आणि खोलीत अंधार ठेवावा. कॅमेरा समांतर आहे का, हे पाहण्यासाठी निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवावा. लेन्सचे प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आले की जुळले. एक्स्पोजर आणि रंगसंतुलन सहाही तुकड्यांत हाताने एकच ठेवले नाही, तर जोड दिसतात.

डिजिटल मीडियम फॉरमॅट

या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारे ४४×३३ मिमीचा, म्हणजे ३५ मिमी फ्रेमच्या १.७ पट आणि ६×६ च्या निम्म्याहून लहान असतो. मोठ्या बॅकमध्ये (कॅमेऱ्यामागे जोडायच्या सेन्सरच्या भागात) तो ५४×४० मिमीपर्यंत जातो, तोही ६×४.५ पेक्षा किंचित लहान. त्यामुळे ८० मिमीच्या लेन्सचा ६×६ वरचा कोन आणि पार्श्वभूमीचा विरघळता उतार इथे जसाच्या तसा मिळत नाही. हॅसलब्लाडची सीएफव्ही १००सी ही १०० मेगापिक्सेलची बॅक १९५७ पासूनच्या बहुतेक व्ही बॉडींना मॅगझिनच्या जागी बसते. सकाळी रोल आणि संध्याकाळी सेन्सर, अशी एकाच कॅमेऱ्याची दुहेरी नोकरी तिने शक्य केली आहे. अशा मालकांमुळे जुन्या लेन्सच्या दुरुस्तीला गिऱ्हाईक टिकते, त्याचा फायदा केवळ फिल्म वापरणाऱ्यांनाही होतो.

नवे १२० कॅमेरे येतात ते दोन टोकांचे. एकीकडे होल्गा, डायना एफ+ किंवा एलसी-ए १२० सारखे साधे, तर दुसरीकडे थ्रीडी प्रिंट केलेल्या बॉडी, ज्यांना जुन्या मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स शटरसकट लावतात. बॉडी छापणे आता सोपे झाले आहे. अडते ते शटरपाशी. जपानच्या कोपाल कंपनीने यांत्रिक लीफ शटर बनवणे थांबवल्यापासून हे निर्माते जुन्या साठ्यावरच अवलंबून आहेत. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे, दुरुस्त करता येईल असे साधे लीफ शटर कोणी परवडणाऱ्या किमतीत बनवले, तर नवा मध्यम दर्जाचा १२० कॅमेरा लगेच शक्य होईल. लेन्स, बॉडी आणि रोल या बाकीच्या तिन्ही गोष्टी आजही उपलब्ध आहेत.