तीन राजांचे फेस्त: ६ जानेवारी आणि रविवार यांमधील पेच

बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन राजांचे फेस्त, म्हणजे सण, गोव्यात ६ जानेवारीला साजरे होते. कासावली, आरोशी आणि कुयेली या तीन गावांतून एकेक मुलगा राजा म्हणून निवडला जातो आणि मुकुट घालून, घोड्यावर बसून कुयेलीच्या टेकडीवरील सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, कपेलाकडे (छोट्या चर्चकडे) निघतो. चांदर येथे आणि बार्देशातील रेइश मागुश येथेही हे फेस्त साजरे होते. मात्र भारतातील कॅथलिक उपासनेच्या पंचांगात प्रकटीकरणाचा सण, म्हणजे या राजांच्या भेटीचाच सण, या तारखेला न येता जवळच्या रविवारी येतो.

प्राचीन इतिहास थोडक्यात असा. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोकांची, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची, संख्या नाही, नावे नाहीत आणि ते राजे होते असेही म्हटलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून व्यक्तीही तीन मानल्या गेल्या, तर यशया आणि स्तोत्रसंहितेतील भेटी आणणाऱ्या राजांच्या उल्लेखांमुळे त्यांना राजपद मिळाले. पूर्वेकडील अनेक चर्चमध्ये ६ जानेवारी हा येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरला. पश्चिमेकडे मात्र मागींच्या आगमनाला प्राधान्य मिळाले. पोर्तुगीज अमलात गोव्यात रुजली ती ही पश्चिमेकडची परंपरा, आणि १५५५ साली मांडवीच्या काठी उभारलेले रेइश मागुशचे चर्च याच राजांना वाहिलेले आहे.

खरा पेच विसाव्या शतकातला आहे. १९५५ साली रोमने या सणाला जोडून येणारा आठ दिवसांचा उत्सवकाळ रद्द केला. त्यानंतर १९६९ साली जाहीर झालेल्या आणि पुढच्या वर्षापासून लागू झालेल्या नव्या पंचांगाने असा नियम केला की, जेथे या दिवशी मिस्साला (चर्चमधील मुख्य उपासनेला) जाणे बंधनकारक नाही, तेथे हा सण २ ते ८ जानेवारी या काळातील रविवारी साजरा करावा. यामागचे कारण समजण्यासारखे आहे, कारण ज्या देशात ६ जानेवारीला सुट्टी नसते, तेथे कारखान्यात किंवा कचेरीत काम करणारा भाविक एरवी या सणाला मुकलाच असता. तरीही या सोयीची किंमत मोजावी लागली. रविवार ७ किंवा ८ तारखेला आला की एरवी पुढच्या रविवारी येणारा प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी ढकलला जातो. २०२४ मध्ये तसेच झाले, आणि कामाच्या दिवशी त्या सणाला फारच थोडे लोक येऊ शकतात. इटलीत १९७७ साली या दिवसाची सरकारी सुट्टी रद्द झाली होती, पण १९८५ च्या अखेरीस ती पुन्हा देण्यात आली. लोकांच्या मनातली तारीख कायद्याने सहज हलत नाही, हे तेथेही दिसून आले.

गोव्यातील गावांनी फेस्त हलवले नाही, आणि माझ्या मते ते योग्यच केले. घोडे, मुकुट आणि फेरी यांच्या थाटात मूळ अर्थ हरवतो, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. पण तीन गावांच्या मुलांनी एकाच कपेलात येऊन नमन करणे, हे त्या कथेचे सर्वांना कळेल असे दर्शन आहे. त्या वेळचा राजा हेरोद याच्या दरबारातील शास्त्र्यांना मसीहाचे जन्मस्थान पाठ होते, तरी त्यांच्यापैकी कोणी बेथलेहेमला गेल्याचे मत्तय सांगत नाही; गेले ते परके, ताऱ्यांचा अभ्यास करणारे, यहुदी धर्माबाहेरचे लोक. देव आपल्याच माणसांपुरता नाही, हे या सणाचे सांगणे आहे. कामासाठी बाहेरून आलेल्यांविषयी गोव्यात आज ज्या कडवटपणे बोलले जाते, त्या वातावरणात ख्रिस्ती माणसाला हे सांगणे टाळता येणार नाही.

मत्तयाच्या त्याच अध्यायात पुढे मरिया आणि योसेफ हेरोदाच्या भीतीने बाळाला घेऊन इजिप्तला पळतात, म्हणजे ज्यांच्यापुढे परके नतमस्तक झाले, तेच परदेशात आश्रय शोधतात. उपासनेत मात्र हा क्रम उलटा येतो. पलायनाचा भाग २८ डिसेंबरला, हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणदिनी वाचला जातो आणि प्रकटीकरणाच्या सणाचे वाचन मागी दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परतले, तेथे थांबते. त्यामुळे पाहुण्यांच्या भेटीपाठोपाठ आलेले निर्वासितपण श्रोत्यांना सलग ऐकायला मिळत नाही, आणि फेस्ताच्या प्रवचनात तो दुवा जोडण्याचे काम प्रवचनकारावर येते.