बोलविता धनी कोण?

२१ सप्टेंबर १९९५ला ‘गणपती दूध पितो’ ही बातमी कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात आली ती फोनवरून. वाड्यात फोन एकच. पलीकडून मावशीने सांगितलं आणि आई वाटी-चमचा घेऊन देवळाच्या रांगेत उभी राहिली. सोंडेला चमचा टेकवला की दूध ओढलं जाई आणि मूर्तीवरून बारीक धारेने खाली ओघळे. हा पृष्ठताणाचा परिणाम, हे शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं. घरी आल्यावर आईने मावशीला विचारलं, “तू स्वतः पाहिलंस, की तुलाही कुणी सांगितलं?” अफवेला तेव्हा निदान ओळखीचं तोंड होतं.

व्हॉट्सॲपने ते पुसलं. २०१८मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर पसरल्या. त्यांत फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. मोटारसायकलवरून उचललेलं मूल शेवटी परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दिसते. कुणीतरी नेमका तो शेवट कापला. बस, एवढंच. अशाच अफवेतून १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, ही मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात आणायचं जाहीर केलं ते त्यानंतर, त्याच महिन्यात. आधी माणसं मरायची आणि मग कुंपण घालायचं, हा क्रम मला अजून पटत नाही. एआय कंपन्यांनाही माझा हाच सवाल आहे.

कारण आता कात्रीचीही गरज उरलेली नाही. तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं एआय मॉडेल मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३मध्ये दाखवलं. दुरुपयोगाच्या धास्तीने त्यांनी ते खुलं केलं नाही. पण आवाज उचलणारी इतर साधनं कुणालाही सहज मिळतात.

१९ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा आदला दिवस. प्रचार थांबलेला. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने, बिटकॉइन विकून निवडणुकीला पैसा पुरवण्याबद्दलच्या ध्वनिफिती फिरू लागल्या. धागा पुण्यातल्या २०१८च्या क्रिप्टो, म्हणजे आभासी चलनाच्या, फसवणूक प्रकरणाशी जोडलेला. सुळेंनी ‘हा आवाज माझा नाही’ म्हणत तक्रार केली. तथ्यपडताळणी करणाऱ्यांना त्या एआयने बनवल्याच्या खुणा आढळल्या. पण अशी तपासणी शक्यता सांगते, खात्री देत नाही. उद्या एखादी खरी ध्वनिफीत बाहेर आली, तरी ‘एआयचं आहे’ म्हणून हात झटकता येतील, हे मला जास्त सलतं. आणि वेळ? पडताळणीचे निष्कर्ष येऊ लागले ते २० तारखेला. त्या दिवशी सकाळी सातपासून मतदान सुरू होतं.