अस्थिमज्जेतील परिसर आणि रक्तकर्करोग

हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतीला अस्थिमज्जा म्हणतात. प्रौढ माणसाच्या मज्जेत रोज सुमारे 200 अब्ज तांबड्या पेशी तयार होतात. या निर्मितीच्या मुळाशी असलेल्या मूलपेशी स्वयंभू नसून त्यांचे मूलपेशीपण शेजारच्या पेशींवर अवलंबून असते, अशी कल्पना रे स्कोफिल्ड यांनी 1978 मध्ये मांडली. या शेजाराला त्यांनी ‘निश’ म्हटले. मराठीत त्याला ‘कोनाडा’ म्हणणेच चपखल, कारण मूळ शब्दाचा अर्थही भिंतीतला कोनाडा असाच आहे.

मज्जेतील आधारपेशी सीएक्ससीएल-12 हे प्रथिन स्रवतात आणि मूलपेशी आपल्या पृष्ठभागावरील सीएक्ससीआर-4 या ग्राहीने त्याला धरून राहतात. ही पकड सोडवणारे प्लेरिक्झाफोर हे औषध टोचले की काही तासांतच मूलपेशी रक्तात उतरतात आणि प्रत्यारोपणासाठी गोळा करता येतात. रक्तकर्करोगाच्या पेशीही बहुधा हीच पकड वापरून कोनाड्यात दडतात, आणि औषधांतून वाचलेल्या अशा मूठभर पेशींमुळे बरा वाटलेला रोग पुन्हा उलटू शकतो. तीव्र लसिकापेशी रक्तकर्करोगात दिले जाणारे औषध अ‍ॅस्परॅजिनेज रक्तातील अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल (प्रथिने बनवायला लागणारा घटक) नष्ट करून कर्कपेशींची उपासमार करते; परंतु मज्जेतील आधारपेशी तेच अ‍ॅस्परॅजिन बनवून शेजारच्या कर्कपेशींना पुरवू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे बाजार बंद, पण शेजारणीच्या घरून वाटी येतच राहते.

परिसर केवळ आसरा देतो असे नाही. तो बिघाडाचा उगमही ठरू शकतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या रक्तपेशींना हात न लावता केवळ अस्थिजनक पूर्वपेशींतील डायसर-1 हे जनुक काढून टाकले, तेव्हा रक्तनिर्मिती विस्कळीत झाली आणि काही उंदरांना तीव्र रक्तकर्करोग झाला. विस्कळीत झालेल्या रक्तपेशी निरोगी उंदरांच्या मज्जेत रुजवल्यावर मात्र तो विस्कळीतपणा ओसरला. माणसात इतका थेट पुरावा नाही. प्रत्यारोपणानंतर क्वचित दात्याच्याच पेशींतून नव्याने रक्तकर्करोग उद्भवतो. त्यामागे रुग्णाच्या मज्जेचा परिसर असावा असा तर्क केला जातो, तरी दात्याच्या पेशींत आधीपासून असलेला दोषही तितकाच संभवतो.

कर्कपेशींना कोनाड्यातून बाहेर काढून मग औषध द्यावे, हा विचार सोपा वाटतो, पण तो रुग्णांमध्ये अद्याप ठामपणे सिद्ध झालेला नाही. रक्तवाहिनीच्या अस्तरावरील ई-सिलेक्टिन या प्रथिनाची पकड रोखणारे उप्रोलेसेलान हे औषध 2024 मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णांचे आयुर्मान लक्षणीयरीत्या वाढवू शकले नाही.