ब्रिटनमधले ७२ आणि अमेरिकेतले ७२

इतिहासाच्या निबंधाला ७२ गुण पडले, तर लीड्स किंवा ब्रिस्टलमध्ये शिकणारी मुलगी खुशीत घरी फोन लावते. तेच ७२ तिला एक्स्चेंजवर, म्हणजे दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत, गेल्यावर अमेरिकेतल्या कॉलेजात पडले, तर तो बहुतेक ठिकाणी सी-मायनस. ब्रिटनमध्ये ७० च्या पुढे फर्स्ट क्लास, ६० ते ६९ ला टू-वन (दुसऱ्या वर्गाचा वरचा भाग), ५० च्या घरात टू-टू (खालचा भाग) आणि ४० ला पास. निबंधांच्या विषयांत ८० ओलांडणं दुर्मिळ. अमेरिकेत मात्र ए मिळवायला साधारण ९३ लागतात आणि ८४ म्हणजे बी. त्यामुळे पहिल्या मिडटर्ममध्ये, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेत, ८४ मिळाल्यावर ब्रिटिश पाहुणी हरखते आणि शेजारची अमेरिकन मुलगी तेवढ्याच गुणांवर तोंड पाडून बसलेली असते.

यावरून लोक लगेच म्हणतात, ब्रिटनमध्ये हात आखडून गुण देतात, अमेरिकेत खिरापत वाटतात. हे अर्धंच खरं आहे. अमेरिकन तपासनीस १०० पासून वजाबाकी करत येतो. सांगितलं तेवढं नीट केलं तर गुण कापायला कारण नाही. ब्रिटिश तपासनीस खालून बेरीज करत जातो, आणि सांगितलेलं सगळं करूनही गाडी साठीतच थांबते. पुढे न्यायला स्वतःचा काही मुद्दा लागतो. त्यामुळे ब्रिटनमध्ये फर्स्ट मिळवणारी मुलगी अमेरिकेत फक्त हुशारीवर निभावून नेऊ पाहते, तेव्हा तिचे गुण गृहपाठातच गळतात.

कारण खरा फरक गुणांच्या पट्टीपेक्षा वेळापत्रकात आहे. ब्रिटनमध्ये एका विषयाचं भवितव्य बऱ्याचदा एकदोन मोठे निबंध आणि शेवटची परीक्षा ठरवतात. आठवड्याला तासही मोजकेच, विशेषतः कला शाखेत. वाचनाची लांबलचक यादी देतात, त्यातलं काय वाचलं हे दर आठवड्याला कुणी तपासत नाही. शिवाय कित्येक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण पदवीच्या श्रेणीत धरतच नाहीत. पास झालं की पुरे. अमेरिकेत सेमिस्टरच्या पहिल्याच तासाला सिलॅबस हातात पडतो आणि त्यात सगळा हिशेब लिहिलेला असतो: क्विझला इतके टक्के, गृहपाठाला इतके, मिडटर्म, फायनल, आणि वर्गात बोलण्याचेही इतके. ब्रिटिश मुलांना सगळ्यात जड जातं ते हेच शेवटचं. सेमिनारमध्ये गप्प बसणारा ब्रिटनमध्ये शांत स्वभावाचा समजला जातो. अमेरिकेत त्याच्या ग्रेडला कात्री लागते.

आपल्याकडे हे समजायला सोपं जावं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि वर्षभर निवांत राहून शेवटच्या महिन्यात रात्री जागवायची आपली जुनी रीत त्याच घराण्यातली. आता नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलेली क्रेडिटं आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी यांचा तोंडवळा बराचसा अमेरिकन आहे. दोन्ही रिती अनुभवलेल्या पिढीला या ब्रिटिश मुलीची तारांबळ सांगावी लागणार नाही.

पेपर कोण तपासतो, यातही अंतर आहे. ब्रिटनमध्ये बहुधा उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, क्रमांक असतो. काही पेपर दुसरे प्राध्यापकही पाहतात, आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेले बाह्य परीक्षक एकूण दर्जावर नजर ठेवतात. अमेरिकेत जो शिकवतो तोच पेपर काढतो आणि तोच, किंवा त्याचा साहाय्यक, नाव बघून तपासतो. म्हणून तिथे ऑफिस अवर्सला, म्हणजे भेटीच्या ठरलेल्या वेळेला, जाऊन प्राध्यापकांना भेटणं, मसुदा दाखवणं, एका प्रश्नाचे गुण का कापले हे विचारणं, यात गैर काही नाही. ब्रिटिश मुलाला ही घासाघीस वाटते आणि तो जात नाही. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं नुकसान या संकोचाने होतं. गंमत म्हणजे ज्या इंग्रजांना आपण औपचारिक समजतो, त्यांच्याकडे प्राध्यापकांना सर्रास पहिल्या नावाने हाक मारतात. मोकळ्याढाकळ्या अमेरिकेत ‘प्रोफेसर’ लावावं लागतं.

विषय निवडण्यात मात्र अमेरिका उजवी. इंग्लंडमध्ये कायद्याला प्रवेश घेतला की तीन वर्षं कायदाच. स्कॉटलंडमध्ये चार वर्षं आणि थोडी सैल वीण. अमेरिकेत मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवायला दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत मुभा असते आणि पदवीला लागणाऱ्या साधारण १२० क्रेडिटांत खगोलशास्त्रापासून कुंभारकामापर्यंत काहीही बसतं. पहिल्या आठवड्यात कोर्स बदलताही येतात. एक्स्चेंजवाल्याने इथे जरा जपावं: बदललेला कोर्स घरच्या विभागाला मंजूर आहे की नाही, हे लगेच ईमेल करून विचारलेलं बरं.

राहण्याचं थोडक्यात. ब्रिटनच्या हॉलमध्ये स्वतंत्र खोली आणि सामायिक स्वयंपाकघर. अमेरिकन डॉर्ममध्ये खोलीत रूममेट आणि जेवण मील प्लॅनवर. पुण्याच्या हॉस्टेलात तिघीतिघींनी राहिलेल्यांना यात विशेष वाटणार नाही, ब्रिटिश मुलांना वाटतं. ब्रिटनमध्ये १८ व्या वर्षी दारू चालते, विद्यार्थी संघटनेचा स्वतःचा बार असतो. अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर सगळीकडे वय २१. घरी दोन वर्षं उघडपणे पबमध्ये बसलेली वीस वर्षांची मुलगी अमेरिकेत पुन्हा अल्पवयीन ठरते. खेळाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये बुधवारी दुपारी तास न ठेवता विद्यापीठांचे सामने होतात, बघायला मित्रमंडळी. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम एक लाखाहून जास्त प्रेक्षकांचं आहे, म्हणजे लंडनच्या वेंब्ली स्टेडियमपेक्षा मोठं.

पैशांचं गणित एक्स्चेंजवाल्यांना सोयीचं. अमेरिकन कॉलेजची फी भरायची नाही. फी घरच्या विद्यापीठाला, आणि इंग्लंडमध्ये पूर्ण वर्ष परदेशी असेल तर नेहमीच्या कमाल फीच्या १५ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. खरा खड्डा पडतो तो आरोग्याचा. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत वाढलेल्या मुलाला डॉक्टरचं बिल ही वस्तूच माहीत नसते. एक्स्चेंजवाल्यांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसावर किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण देणारा विमा सक्तीचा आहे, आणि तो असूनही सुरुवातीची काही रक्कम आपल्या खिशातून जाऊ शकते. पाठ्यपुस्तकंही महाग; ब्रिटनमध्ये ग्रंथालयावर भागतं, तसं अमेरिकेत दर वेळी भागत नाही.

आणि परतल्यावर पुन्हा तेच गुण. अमेरिकेतला ए घरी ७० धरायचा की ७५, हे प्रत्येक ब्रिटिश विद्यापीठ आपल्या कोष्टकाने ठरवतं. काही ठिकाणी परदेशातलं वर्ष पदवीच्या श्रेणीत मोजतात, काही ठिकाणी नुसतं पास असणं पुरतं. दुसऱ्या प्रकारातल्या मुलांनी बी मिळाल्यावर झोप उडवून घ्यायची गरज नाही. पहिल्या प्रकारातल्यांना ए आणि ए-मायनसमधला फरक महाग पडू शकतो. हे कोष्टक विभागाच्या कचेरीतून विमानात बसण्याआधी मागून घ्यावं, कारण सप्टेंबरमध्ये कोणत्या क्विझसाठी रात्र जागवायची आणि कोणत्या शनिवारी स्टेडियममध्ये जायचं, हे त्यावरच ठरतं.