मोटारीतील जादा मीटर

कारखान्यातून आलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर जे मीटर नसतात, ते बाजारातून वेगळे आणून बसवले की त्यांना जादा मीटर म्हणतात. ऑइल प्रेशर, पाण्याचे तापमान, बॅटरीचा व्होल्टेज आणि टर्बोचा बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) हे त्यांतले नेहमीचे. गोल डबीचा व्यास बहुधा ५२ किंवा ६० मिलिमीटर असतो. अमेरिकेत स्ट्युअर्ट-वॉर्नर व ऑटो मीटर, जर्मनीत व्हीडीओ, ब्रिटनमध्ये स्मिथ्स आणि जपानमध्ये डेफी ही या धंद्यातली जुनी-नवी नावे.

गंमत अशी की सुरुवातीच्या काळात तापमानाचा मीटर गाडीच्या आत नव्हताच. १९१० च्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचा थर्मामीटर थेट रेडिएटरच्या झाकणावर उभा केलेला असे आणि ड्रायव्हर समोरच्या काचेतून त्याच्याकडे पाहत गाडी हाकी. पुढे तोही डॅशबोर्डवर आला. विलीज जीपवर स्पीडोमीटरच्या आजूबाजूला पेट्रोल, ऑइल प्रेशर, तापमान आणि अँपिअर असे चार छोटे मीटर होते. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत याच जीपची जोडणी सुरू केली. उलट दिशेची वाटचालही तोवर सुरू झाली होती. हडसन कंपनीने १९३० च्या दशकातच काट्याऐवजी लाल दिवा दिला होता. अशा दिव्याला अमेरिकेतले मेकॅनिक ‘मूर्खांचा दिवा’ म्हणू लागले. नाव बोचरे आहे, पण अगदीच अन्यायाचे नाही.

ऑइलचा दिवा ज्या स्विचवर चालतो तो दाब साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) उतरला तरच दिवा पेटवतो. तापलेले इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना अनेक पेट्रोल गाड्यांत ३ ते ४ बार दाब असतो. म्हणजे दाब चारावरून एकावर घसरला तरी दिवा गप्पच. तो पेटतो तेव्हा बेअरिंगची वाट लागायला सुरुवात झालेली असते. काटा मात्र घसरण होत असतानाच दाखवतो. पाण्याच्या तापमानाचेही तसेच. अनेक लहान गाड्यांत आता निळा आणि लाल असे दोन दिवेच उरले आहेत. जिथे काटा आहे, तिथेही तो बरेचदा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो आणि तापमान पंधरा-वीस अंशांनी वरखाली झाले तरी मध्यावरून हलत नाही. माझदाच्या मियाटा या स्पोर्ट्स गाडीचे उदाहरण तर प्रसिद्ध आहे. १९९५ च्या सुमारास तिच्या खऱ्या ऑइल प्रेशर मीटरच्या जागी कंपनीने साध्या स्विचवर चालणारा काटा बसवला. दाब असला की काटा मध्ये, नसला की शून्यावर. म्हणजे मीटरच्या वेशातला दिवाच. त्या गाडीचे हौशी मालक तेव्हापासून खरा मीटर परत बसवत आले आहेत.

मीटर दोन जातींचे. मेकॅनिकल मीटरमध्ये इंजिनातले ऑइल बारीक तांब्याच्या किंवा नायलॉनच्या नळीतून थेट डॅशबोर्डपर्यंत येते आणि आतल्या वक्र नळीला सरळ करू पाहते. त्या हालचालीवर काटा फिरतो. ही बूर्दों नळी फ्रान्सच्या युजेन बूर्दोंने १८४९ मध्ये पेटंट केली. असा मीटर अचूक आणि बिनविजेचा, पण थरथरीने नळी तडकली तर उकळते ऑइल पायांवर येते. म्हणून तांब्याच्या नळीला इंजिनाजवळ एक-दोन वेटोळी देतात. रोजच्या गाडीला इलेक्ट्रिक मीटरच बरा. त्यात इंजिनावर सेंडर (दाब किंवा तापमान मोजून विजेच्या संकेताने कळवणारा भाग) बसतो आणि आत फक्त वायर येते.

लोक डॅशबोर्डवरच्या सजावटीत दिवस घालवतात, पण खरे काम सेंडरपाशी असते. कंपनीचा स्विच काढायचा, तिथे टी (इंग्रजी T च्या आकाराचा तीन तोंडांचा जोड) बसवायची, एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला नवा सेंडर. जुना दिवा बंद पाडू नये. मीटर बिघडला तर तोच उरतो. एका वायरच्या सेंडरची अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच इंजिनाला मिळते. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर चढवले की अर्थ तुटते आणि नवाकोरा मीटर चुकीचा आकडा दाखवतो. मग मीटर बदलला जातो, टेप तशीच राहते. दुसरी नेहमीची चूक जोडीची. व्हीडीओचा दाबाचा सेंडर शून्याला १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम विद्युतरोध देतो. अमेरिकी पद्धतीचा २४० वरून ३३ वर उतरतो. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला लावला तर दाब वाढताना काटा खाली येतो.

वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून) आत घेताना भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची कडी) हवाच, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात इन्सुलेशन कापते. मीटरला चावीनंतरची वीज फ्यूजमधून द्यावी आणि दिव्याची वायर पार्किंग लाइटला जोडावी, म्हणजे रात्री उजेड आपोआप लागतो. काचेच्या बाजूच्या खांबावर मीटर बसवायची फॅशन आहे. त्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर तो विचार सोडावा. अँपिअर मीटर तर टाळलेलाच बरा. त्यासाठी चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत आणावा लागतो आणि एखादे टर्मिनल ढिले झाले की जळका वास येतो. व्होल्टमीटर बहुतेक तेच सांगतो: इंजिन बंद असताना साधारण १२.६, चालू असताना १४ च्या आसपास.

२०१३ पासून भारतातल्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ चे (इंजिनाच्या संगणकातली माहिती वाचायचे) सॉकेट असल्याने पाण्याचे तापमान ब्लूटूथने फोनवरही दिसते. ऑइल प्रेशर मात्र तिथे सहसा मिळत नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो मोजणारा सेन्सरच नसतो. असतो तो फक्त स्विच. त्यासाठी टी बसवण्याला पर्याय नाही.

रेसिंगवाले मीटर बसवताना डबीच फिरवून घेतात, म्हणजे सगळे काटे नेहमीच्या स्थितीत सरळ वर उभे राहतात. आकडे तिरके दिसतात, पण वळणावर ते वाचायला वेळ कोणाला असतो! एक काटा जरी कलला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून कळते. मीटर बसवून इंजिन पहिल्यांदा सुरू केले की डॅशबोर्डकडे न बघता आधी बॉनेटखाली टीपाशी टॉर्च धरावा, आणि इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा एकदा. थंडीत कोरडी दिसलेली आटी गरम झाल्यावर ऑइलचा थेंब सोडू शकते.