होलोकॉस्टमधून बचावलेल्यांची भरपाई व वृद्धापकाळातील शुश्रूषा

नाझी जर्मनीने आणि तिच्या सहकारी राजवटींनी १९३३ ते १९४५ या काळात केलेल्या ज्यूंच्या छळातून व संहारातून जे जिवंत राहिले, त्यांना हिरावलेली मालमत्ता परत मिळावी, भोगलेल्या यातनांची भरपाई मिळावी आणि म्हातारपणी त्यांची नीट देखभाल व्हावी, यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या वाटाघाटी, कायदे, न्यायालयीन लढे आणि सेवाकार्य यांचा या नोंदीत विचार केला आहे. २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार असे सुमारे २ लाख ४५ हजार ज्यू नव्वदहून अधिक देशांत हयात होते. त्यांपैकी जवळजवळ निम्मे इस्राएलमध्ये राहत होते आणि त्यांचे मध्यक वय ८६ होते. सव्वा वर्षाने, एप्रिल २०२५ मध्ये, ही संख्या दोन लाखांच्या थोडी वर उरल्याचे सांगण्यात आले. आज हयात असलेले जवळजवळ सगळे युद्धकाळात लहान मुले होते. म्हणूनच ज्या पिढीने भरपाईची पहिली मागणी केली ती एक, आणि आज जिच्या अंघोळीची, औषधाची व सोबतीची व्यवस्था लावायची आहे ती दुसरी, हे ध्यानात ठेवल्याखेरीज या विषयाचा इतिहास नीट कळत नाही.

भरपाईसाठी जर्मन भाषेत ‘वीडरगुटमाखुंग’ हा शब्द रूढ आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘पुन्हा चांगले करणे’ असा होतो. साठ लाख माणसांच्या हत्येनंतर काय पुन्हा चांगले होणार, या भावनेने अनेक ज्यूंना तो शब्द प्रथमपासून खटकला. हिब्रूत त्याऐवजी ‘शिलुमिम’ हा शब्द योजला गेला. त्यात देणे चुकते करण्याचा अर्थ आहे, पण क्षमेचा किंवा समेटाचा नाही.

पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी संसदेत जर्मन जनतेच्या नावाने झालेल्या गुन्ह्यांचा उल्लेख करून भरपाईची तयारी दर्शवली. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क येथे २३ ज्यू संघटनांनी एकत्र येऊन ‘जर्मनीविरुद्धच्या ज्यू भौतिक दाव्यांची परिषद’ स्थापन केली. ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ या नावाने ती ओळखली जाते आणि नाहुम गोल्डमान हे तिचे पहिले अध्यक्ष होते. खुन्यांकडून पैसे घ्यावेत की नाही, यावरून इस्राएलमध्ये मोठे वादळ उठले. जानेवारी १९५२ मध्ये मेनाखेम बेगिन यांच्या नेतृत्वाखालील निदर्शकांनी जेरुसलेममध्ये संसदेवर दगडफेक केली, आणि वाटाघाटींचा ठराव अखेर ६१ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. नेदरलँड्समधील वासेनार येथील बोलणी संपून १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग करार झाला. त्यानुसार इस्राएलला माल व सेवांच्या रूपाने ३ अब्ज आणि परिषदेला ४५ कोटी जर्मन मार्क देण्याचे ठरले. एखाद्या राज्याने आपल्या गुन्ह्यांबद्दल व्यक्तींना, तसेच गुन्हा घडला तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या दुसऱ्या राज्याला भरपाई देण्याचे कबूल करणे, ही आंतरराष्ट्रीय व्यवहारातील नवीच गोष्ट होती.

प्रत्यक्ष पैसे कोणाच्या हाती पडले, हे मात्र करारापेक्षा त्यामागून आलेल्या कायद्यांच्या व्याख्यांनी ठरवले. १९५६ च्या जर्मन संघीय भरपाई कायद्याने स्वातंत्र्य, आरोग्य, व्यवसाय व मालमत्ता यांच्या हानीसाठी रकमा व निवृत्तिवेतने दिली, पण अर्जदाराचा जर्मन भूमीशी ठरावीक संबंध असण्याची अट घातली. त्यामुळे पोलंड, युक्रेन किंवा बेलारूसमध्ये सर्वाधिक सोसलेले आणि युद्धानंतर पोलादी पडद्याआड राहिलेले लोक बाहेर राहिले. याउलट हिटलरच्या आगमनानंतर लगेच जर्मनी सोडून निघालेले, मग ते लंडनला गेलेले असोत की मुंबईला, या कायद्याच्या कक्षेत येत असत. (वळिवडे येथील छावणीमुळे कोल्हापूरकरांना परिचित असलेले पोलिश निर्वासित प्रामुख्याने सोव्हिएत हद्दपारीचे बळी होते, त्यामुळे त्यांचा प्रश्न वेगळा आहे.) आरोग्यहानीसाठी निवृत्तिवेतन हवे असल्यास कमावण्याची क्षमता किमान २५ टक्क्यांनी घटल्याचे दाखवावे लागे. नेमलेले डॉक्टर पुष्कळदा अर्जदाराच्या भीतीचे, निद्रानाशाचे व औदासीन्याचे मूळ छळछावणीत न शोधता त्याच्या जन्मजात प्रकृतीत शोधत. विल्यम नीडरलँड यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात या लक्षणांना ‘बचावलेल्यांचा लक्षणसमूह’ असे नाव दिले, आणि त्यामागे या तपासण्यांचाच अनुभव होता. ‘जिप्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिंती व रोमा समाजाची गत याहून वाईट झाली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी व फौजदारी न्यायालयाने १९५६ मध्ये, १९४३ पूर्वीचा त्यांचा छळ वांशिक नव्हता असा निर्णय देऊन त्यांचे दावे अडवले. ही भूमिका १९६३ मध्ये अंशतः बदलली, तोवर अनेक दावेदार मरण पावले होते.

पुढील सहा दशकांचे वकिलीचे काम म्हणजे या व्याख्यांच्या रेषा एकेक करून सरकवण्याचे काम होय. जुन्या कायद्याची मुदत टळल्यावर पूर्व युरोपातून बाहेर पडलेल्यांसाठी १९८० मध्ये ‘हार्डशिप फंड’ निघाला आणि त्यातून एकदाच ५,००० मार्क मिळू लागले. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९२ मध्ये ‘आर्टिकल टू फंड’ या नावाने मासिक निवृत्तिवेतन सुरू झाले. त्यासाठी आरंभी छळछावणीत सहा महिने, अथवा घेटोत (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत) किंवा लपून अठरा महिने काढलेले असावे लागत. सतरा महिने तळघरात राहिलेल्या मुलाला काही नाही आणि अठरा महिने राहिलेल्याला आजन्म वेतन, हा हिशेब वाटाघाटी करणाऱ्यांनाही लाजिरवाणा वाटे. दरवर्षीच्या बोलण्यांत हे महिने हळूहळू कमी करून घेण्यात आले. पूर्व युरोपात राहणाऱ्यांसाठी १९९८ मध्ये स्वतंत्र निधी झाला, आणि लेनिनग्राडच्या वेढ्यात तसेच रुमानिया व फ्रान्समध्ये छळ सोसलेल्या सुमारे ६,५०० जणांना मासिक वेतन मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. २००९ पासून ही शिष्टाई अमेरिकी मुत्सद्दी स्टुअर्ट आयझेनस्टॅट यांच्या नेतृत्वाखाली चालते. समोर जर्मन अर्थमंत्रालयाचे अधिकारी असतात, आणि परिषदेच्या बाजूने स्वतः छळछावण्यांतून वाचलेली माणसेही बसतात. आकडेवारीने जे साधत नाही ते त्यांच्या उपस्थितीने साधते, असा अनुभव आहे.

घेटोतील कामाच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. घेटोत काही मोबदला घेऊन केलेले काम ही वेठबिगारी नसून नोकरी होती, सबब तिचे निवृत्तिवेतन देय आहे, असे पोलंडमधील वुज शहरातील घेटोच्या एका दाव्यात जर्मन संघीय सामाजिक न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवले. २००२ मध्ये तसा कायदा एकमताने झाला आणि सुमारे ७० हजार अर्ज आले. त्यांतील बहुसंख्य मात्र फेटाळले गेले, कारण काम ‘स्वेच्छेने’ केले आणि ‘वेतन’ मिळाले हे नमुन्यातील प्रश्नांच्या उत्तरांतून सिद्ध होईना. घेटोत स्वेच्छा म्हणजे काय आणि सूपवाटप हे वेतन का नव्हे, हे विचारायला कागदावर जागाच नव्हती. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलियातील न्यायाधीश यान-रोबेर्त फोन रेनेसे यांनी स्वतः इस्राएलला जाऊन वृद्ध अर्जदारांच्या साक्षी ऐकण्याचा पायंडा पाडला. २००९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने व्याख्या सैल केली. तरी थकबाकी केवळ चार वर्षांची मिळत होती. ती १९९७ पासून देण्याची दुरुस्ती २०१४ मध्ये झाली.

जर्मन राज्याबाहेरच्या देणेकऱ्यांकडे लक्ष वळले ते १९९० च्या दशकात. स्विस बँकांत ठेवी ठेवून मेलेल्यांच्या वारसांकडे मृत्यूचा दाखला मागितला जाई, आणि ऑशविट्झमध्ये दाखले दिले जात नव्हते हे सांगूनही उपयोग होत नसे. अमेरिकेतील सामूहिक दावे व राजकीय दडपण यांमुळे ऑगस्ट १९९८ मध्ये या बँकांनी १२५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. गुलामासारखे राबवलेल्या कामगारांसाठी २००० मध्ये जर्मन सरकार व उद्योगांनी निम्मे निम्मे असे १० अब्ज मार्क घालून ‘स्मृती, जबाबदारी आणि भवितव्य’ हे प्रतिष्ठान उभारले. त्याच्यामार्फत २००७ पर्यंत १६ लाखांहून अधिक व्यक्तींना रकमा मिळाल्या, आणि त्यांत बिगरज्यू पूर्व युरोपीय मोठ्या संख्येने होते. नेदरलँड्समध्ये सालो मुल्लर यांनी जवळजवळ एकहाती मोहीम चालवली. त्यांचे आईवडील रेल्वेने वेस्टरबोर्क या संक्रमण छावणीत नेले गेले होते, आणि त्या वाहतुकीचे भाडे रेल्वेने घेतले होते. २०१९ मध्ये डच रेल्वेने हयात बळींना प्रत्येकी १५,००० युरो देण्याचे मान्य केले.

स्थावर मालमत्तेबाबत प्रगती सर्वांत मंद आहे. जून २००९ मध्ये ४६ देशांनी संमत केलेल्या टेरेझिन जाहीरनाम्याने घरे-जमिनी परत करण्याबरोबरच बचावलेल्यांच्या सामाजिक गरजांनाही मान्यता दिली, पण तो कायद्याने बंधनकारक नाही. सर्बियाने २०१६ मध्ये बेवारस ज्यू मालमत्तेसंबंधी कायदा केला, आणि लाटव्हियाने २०२२ मध्ये ज्यू समाजाला दहा वर्षांत ४ कोटी युरो देण्याचे ठरवले. पोलंडमध्ये मात्र खाजगी मालमत्ता परत करण्याचा सर्वंकष कायदा झालेला नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने जुन्या प्रशासकीय निर्णयांना आव्हान देण्यावर कालमर्यादा घातल्याने इस्राएलशी राजनैतिक तणाव निर्माण झाला.

इस्राएलमधील स्थिती बाहेरून वाटते तितकी सुखाची नव्हती. लक्झेंबर्ग करारान्वये १ ऑक्टोबर १९५३ पूर्वी आलेल्यांची जबाबदारी त्या राज्याने स्वतःकडे घेतली आणि १९५७ च्या कायद्याने त्यांना वेतन दिले. पण ते जर्मनीकडून थेट मिळणाऱ्या वेतनाहून कमी होते, आणि त्या तारखेनंतर आलेले अनेक जण दोन्हींकडून वंचित राहिले. २००७ मध्ये सरकारने महिना ८३ शेकेल देऊ केले, तेव्हा वृद्धांनी जेरुसलेममध्ये मोर्चा काढला आणि त्यांतील काहींनी छावणीतील पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातले. निवृत्त न्यायमूर्ती डालिया डोर्नर यांच्या आयोगाने २००८ मध्ये सरकारवर ठपका ठेवला, आणि आगमनाच्या तारखेवरून होणारा भेद दूर करणारी सुधारणा २०१४ मध्ये झाली.

शुश्रूषेच्या बाबतीत या वृद्धांच्या गरजा इतर म्हाताऱ्यांसारख्याच दिसतात, पण त्या पुरवण्याच्या नेहमीच्या पद्धती त्यांना बाधू शकतात. शॉवरखाली उभे राहणे, डोक्याचे केस कापणे, मनगटावर नंबराची पट्टी बांधणे, जंतुनाशकाचा वास, जेवणासाठी रांग, रात्रीच्या टॉर्चचा झोत किंवा कुत्र्याचे भुंकणे यांतले काहीही अचानक भीती जागवू शकते. उशीखाली पाव लपवणे हा वृद्धाश्रमांतून वारंवार आढळणारा प्रकार आहे, आणि तो पाव काढून न टाकता ताजा ठेवावा असे अनुभवी परिचारिका सांगतात. स्मृतिभ्रंशाने अलीकडच्या आठवणी पुसल्या की बालपण वर येते, नंतर शिकलेली इंग्रजी किंवा हिब्रू विसरून माणूस यिडिश, पोलिश वा हंगेरियन बोलू लागतो, आणि त्याच्या दृष्टीने बाहेर पुन्हा १९४३ साल असते. म्हणून वृद्धाश्रमापेक्षा स्वतःच्या घरीच, शक्यतो ओळखीची भाषा बोलणाऱ्या व्यक्तीकडून सेवा मिळावी यावर भर दिला जातो. टोरंटोच्या बेक्रेस्ट संस्थेने यासंबंधी मार्गदर्शिका तयार केली. इस्राएलमध्ये १९८७ पासून ‘आमखा’ ही संस्था मानसिक आधाराचे काम करते, आणि न्यूयॉर्कची १९३६ मध्ये निर्वासितांनी स्थापलेली ‘सेल्फहेल्प’ घरगुती मदत पुरवते. एकटेपणावर उपाय म्हणून ‘कॅफे युरोपा’ या नावाने चहापानाचे व गाण्याचे मेळावे अनेक शहरांत भरतात.

घरगुती सेवेसाठी जर्मनीकडून प्रथम २००४ मध्ये निधी मिळाला आणि आता भरपाईच्या वाटाघाटींचा मोठा भाग हाच आहे. २०२४ साठी सुमारे ८९ कोटी, तर २०२६ साठी सुमारे १०८ कोटी डॉलर ठरले. बचावलेल्यांची संख्या घटत असता खर्च वाढतो हे वरवर विसंगत वाटते, पण पंच्याऐंशीच्या माणसाला आठवड्यातून काही तास लागणारी मदत नव्वदीत दिवसरात्र लागते. परिषद स्वतः सेविका नेमत नाही, तीनशेहून अधिक स्थानिक संस्थांना अनुदान देते. ज्यांनी छावणी किंवा घेटो पाहिला त्यांच्यासाठी तासांची मर्यादा २०१८ मध्ये उठवण्यात आली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यामुळे भरपाईची रक्कम सरकारी मदतीसाठी उत्पन्नात धरली जात नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर या जाळ्याची वेगळीच परीक्षा झाली, आणि नव्वदहून अधिक अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना रुग्णवाहिकांतून जर्मनीतील शुश्रूषागृहांत आणण्यात आले.

या व्यवस्थेवर टीकाही झाली आहे. २०१० मध्ये परिषदेच्याच काही कर्मचाऱ्यांनी खोटे अर्ज तयार करून सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलर लुबाडल्याचे उघडकीस आले आणि अनेकांना शिक्षा झाल्या. पूर्व जर्मनीतील ज्या मालमत्तांवर १९९२ अखेरपर्यंत वारसांनी दावा केला नाही त्या परिषदेकडे गेल्या, आणि उशिरा जागे झालेल्या वारसांशी तिचे दीर्घकाळ वाद चालले. त्या विक्रीतील काही भाग संशोधन व शिक्षणासाठी खर्चावा की सगळा गरजू वृद्धांवर, हा प्रश्न बचावलेल्यांच्या संघटनांनी वारंवार उपस्थित केला आहे. २०२२ पासून जर्मनी होलोकॉस्ट-शिक्षणासाठी स्वतंत्र रक्कम देते, ती शुश्रूषेच्या निधीतून कापली जात नाही. हार्डशिप फंडाच्या लाभार्थ्यांना दरवर्षी दिली जाणारी पूरक रक्कम २०२४ साठी १,२५० युरो होती. ती दरवर्षी ५० युरोंनी वाढत जाऊन २०२७ मध्ये १,४०० व्हावी असे ठरले.